शून्याची दुरुस्ती

२ जानेवारी

नवी वही, नवी खोली. आजपासून मी व्यवसाय सांख्यिकी विभागाचा प्रमुख. खोलीला खिडकी आहे, खिडकीतून पार्किंग दिसतं. संकल्प: रोज चालणे (बूट आणलेत). चहात साखर अर्धी. ऑफिस घरी न्यायचं नाही. रोजनिशी खरी लिहायची. वाचणारा मी एकटाच, स्वतःपुढे भाव मारून करायचंय काय.

संचालकबाईंनी बोलावून सांगितलं, कारखान्यांचा मासिक आकडा वेळेवर निघाला पाहिजे आणि असा निघाला पाहिजे की वाचून कुणी दचकू नये. मी म्हणालो, माझ्यामुळे आजवर कुणी दचकलेलं नाही. बाई म्हणाल्या, म्हणूनच तुम्हाला घेतलंय.

३ जानेवारी, सकाळ

चालायला गेलो नाही. थंडी. शिवाय नव्या बुटांची पायांना सवय हवी. आधी घरातच घालीन.

४ जानेवारी

हाताखालच्यांना काम समजावून सांगितलं. त्यांना ते येतं, पण प्रमुखानं सांगितलं की वजन पडतं. दर महिन्याला कारखान्यांना फॉर्म जातो: माल किती काढला, विकला किती, माणसं किती. काही जण उत्तर देतात, काही देत नाहीत, काही किलोच्या रकान्यात टन लिहितात. चुकलेलं सुधारायचं, ते एडिटिंग. नसलेलं भरायचं, ते इम्प्युटेशन. ऑफिसात आम्ही त्याला भरणी म्हणतो.

बाहेर लोकांना वाटतं आम्ही आकडे बनवतो. छे. एखादा कारखाना गप्प बसला तर त्याच धंद्यातला, तेवढाच दुसरा बोलका कारखाना शोधायचा आणि त्याची वाढ याला लावायची. मी याला शेजारधर्म म्हणतो. शब्द माझा. संचालकबाईंनी दोनदा उच्चारून बघितला.

८ जानेवारी, रविवार

हिचा धाकटा भाऊ जेवायला आला होता. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. लग्न केलेलं नाही. मशीनशी केलंय, असं ही म्हणते. एरवी बडबड्या, आज ताटात बघून जेवत होता. शेवटी म्हणाला, भाऊजी, एक विचारायचं होतं. साबणवाला, बूटवाला, बल्बवाला, सगळ्यांनी खोकी घेणं कमी केलंय. मोठ्या मशीनला एक गिऱ्हाईक आलंय, लांब कुठेतरी नेणार आहे. आत्ता दिलं तर माणसांचं सगळं नीट मिटवून मोकळा होतो. देऊ का?

ऑफिस घरी न्यायचं नाही हे ठरलंय. पण समोरचा तहानलेला असताना आपण विहिरीवर झाकण घालून बसायचं का? कुणा एका कारखान्याचं गुपित मी मेलो तरी फोडणार नाही. एकूण आकडा सांगायला मात्र हरकत नसते. म्हणालो, साबण वर, बूट वर, बल्ब तर चांगलेच वर. त्यांचा माल काय चादरीत बांधून जातो? खोकी लागणारच. मशीन विकू नकोस. थांब.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, तुम्ही म्हणताय म्हणजे असेल. ही म्हणाली, अरे, देशातले सगळे कारखाने ह्यांच्या टेबलावर असतात. तेव्हा तो हसला. त्यानंतर भात दोनदा घेतला.

जाताना माझ्या पायांकडे बघून विचारलं, भाऊजी, कुठे निघालात का? सांगितलं, बूट घरात वापरून बघतोय.

समाधानाचा दिवस. एका माणसाचा संसार सावरला.

१८ जानेवारी

यंदा उत्तरं जरा कमी. 'पत्त्यावर कोणी नाही' असा शिक्का बसून परत आलेली पाकिटं पूर्वी एका टोपलीत मावायची. आता जिन्याखाली रचून ठेवली आहेत. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, केरसुणी फिरवायला जागा उरली नाही. पलीकडून झाडा, म्हणालो.

माझा अनुभव असा की माणसाला कुरकुर करायची असली की तो हमखास लिहितो. ज्याचं बरं चाललंय त्याला फॉर्म भरायला फुरसत कुठली. म्हणजे गप्प बसलेले सुखात आहेत.

३ फेब्रुवारी

वसाहतीत फिरणाऱ्या निरीक्षकबाईंचे रिपोर्ट आले. मी मनात त्यांना कुलूपबाई म्हणतो. पानामागून पान एकच शेरा: गेटला कुलूप. बोलावून विचारलं, बंद म्हणजे कायमचं की तुम्ही गेलात त्या दिवशी? म्हणाल्या, सर, फाटकाच्या आत गुडघाभर गवत आहे. मी शांतपणे समजावलं की गवताला आपल्याकडे रकाना नाही. त्या म्हणाल्या, मग मी लिहू काय? 'मालक भेटले नाहीत' असं लिहा, म्हणालो. खोटं काही नाही त्यात.

त्यांनी तसं लिहिलं. फार जोरात लिहिलं, पेनचा उठाव मागच्या पानावर दिसतो. बाई चांगल्या आहेत, पण स्वभाव अपशकुनी.

१० फेब्रुवारी

आज मी केलेला नियम कॉम्प्युटरवर चढला. काही दीडशहाणे मालक फॉर्ममध्ये माणसांचा आकडा लिहितात आणि मालाच्या रकान्यात शून्य टाकतात. कामगार आहेत आणि माल शून्य, हे कसं शक्य आहे? मालक काय अन्नछत्र चालवतो? उघड आहे की कंटाळा करून शून्य टाकलंय. यापुढे असं शून्य दिसलं की कॉम्प्युटर ते पुसेल, रकाना रिकामा समजेल आणि शेजारधर्मानं भरेल. माणसाचा हात लागणार नाही. निःपक्षपाती.

साखर अर्धी केली आहे. कप मोठा घेतला आहे.

२१ फेब्रुवारी

किरकोळ अडचण. गप्प कारखाने इतके झालेत की बोलके शेजारी पुरेनात. बल्बच्या धंद्यात एकच बोलका उरलाय, तो सगळ्यांना किती पुरणार? जुना नियम असा की भरलेल्या आकड्यावरून दुसरा आकडा भरायचा नाही. तो मी तात्पुरता सैल केला. भरलेला आकडा हाही आकडाच. दिव्यानं दिवा लावला म्हणून उजेड खोटा होतो का?

विभागातल्या वयस्कर सहकाऱ्यानं नुसतं विचारलं की पहिला दिवा कुठला. उपमा समजत नाहीत लोकांना.

२ मार्च

आकडा जाहीर. कारखान्यांचं उत्पादन तीन टक्क्यांनी वर. मंत्र्यांनी भाषणात वापरला. संचालकबाईंनी ग्राफ फ्रेम करून घेतला. म्हणाल्या, बघा, रेषा कशी शांत आहे. खरंच शांत आहे. यापूर्वी रेषा अशी कधीच नव्हती. एखाद्या महिन्यात धडपडायची, मग उठायची. आता एखाद्या झोपलेल्या माणसासारखी आहे.

झोपलेल्या, म्हणजे निवांत.

१३ मार्च

पद्धतीवर विश्वास असला तरी खात्री करून घ्यावी म्हणून स्वतः फोन करायला बसलो. बहुतेक ठिकाणी नुसती घंटी वाजत राहिली. काही नंबर अस्तित्वातच नाहीत. एका मोठ्या साबण कारखान्याचा फोन मात्र लगेच उचलला गेला. मी ओळख दिली आणि विचारलं, धंदा कसा काय. पलीकडचा गृहस्थ म्हणाला, मस्त. उत्पादन वाढलंय का? वाढलंय म्हणाला. मला गहिवरून आलं. मग साबण कुठकुठले काढता असं विचारल्यावर तो म्हणाला, कसला साबण? माझं सलून आहे. हा फोन मी लिलावात घेतला, टेबलासकट.

नोंद केली: संपर्क झाला. धंदा वाढलाय.

पुढचे फोन केले नाहीत. आवाज बसला होता.

२७ मार्च

मेहुण्याचा फोन, ऑफिसात. भाऊजी, अजून थांबू का? मशीनचं गिऱ्हाईक पुन्हा आलं होतं, आता कमी देतो म्हणतंय. नवीन आकडा जुन्यापेक्षा चांगला आहे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, ऑर्डर मागायला जातो तिथे गेटं बंद असतात. बल्बवाल्याच्या आवारात कुत्री व्यालीत. मी म्हणालो, तू चार गेटं बघतोस, मी देश बघतो. तो म्हणाला, हो, तेही आहे. माणसांना तो अर्धा दिवस बोलावतो, पण काढलेलं कुणालाच नाही. काम आलं तर हात तयार हवेत ना, म्हणाला. शब्द माझेच आहेत.

रविवारी त्याच्याकडे जाऊन यायचं. नक्की.

२ एप्रिल, रविवार

जायचं होतं. पाठ धरली.

११ एप्रिल, दुपारी

फॉर्मच्या गठ्ठ्यात मेहुण्याचा फॉर्म. अक्षर ओळखीचं, शाळकरी, उजवीकडे झुकलेलं. माणसं: होती तेवढीच. माल: शून्य. शून्य नीट गोल काढलंय, खाली बारीक रेघ.

नात्यातल्या माणसाचा फॉर्म दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. दुसरा अधिकारी रजेवर. मी काहीच केलं नाही. शपथेवर सांगतो, बोटसुद्धा लावलं नाही. कॉम्प्युटरनं नियमाप्रमाणे शून्य पुसलं आणि तिथे एक भरघोस आकडा आला, गेल्या वर्षापेक्षा बराच वर. बघून क्षणभर बरंही वाटलं, पोराचं नशीब उघडलं म्हणून.

आपला म्हणून वेगळा न्याय लावला असता तर तो भ्रष्टाचार झाला असता.

२९ एप्रिल

ही मला न सांगता वसाहतीत जाऊन आली. परत आल्यावर चप्पल न काढता खुर्चीत बसली. सांगत होती, बस मोठ्या रस्त्यापर्यंतच जाते, आत जायची फेरी बंद झालीय. चहाची टपरी उलटी करून ठेवलीय. एवढा रुंद रस्ता आणि आपल्याच पावलांचा आवाज. भावाच्या शेडमध्ये माणसं रिकाम्या खोक्यांवर पत्ते खेळत बसली होती. ही दारात दिसली तशी सगळी एकदम उठून उभी राहिली. त्यांना वाटलं ऑर्डर घेऊन कुणी आलंय. हिला बघून एकेक जण पुन्हा खाली बसला. त्यांच्यातल्या एकानं हिला बसायला खोकं पुसून दिलं.

मग हिनं विचारलं, त्यानं फॉर्मात काय लिहिलं होतं? गोपनीय असतं, म्हणालो. ही म्हणाली, त्यानं मला सांगितलंय. शून्य लिहिलं म्हणाला. तोंडावर सांगायला जीभ रेटेना, म्हणून कागदावर सांगतो भाऊजींना, असं म्हणाला. आता तुम्ही सांगा, छापलंत किती?

एकूण पुठ्ठा व खोकी, चार टक्के वर, असं मी सांगितलं. एकूण.

ही उठून आत गेली. संकल्प: हिच्याशी सांख्यिकीवर बोलायचं नाही. विषय तांत्रिक आहे, गैरसमज होतात.

६ मे

घरात बोलणं कमी. दूध, गॅस, किल्ली एवढंच. वाद नाही. शांतता हे लक्षण चांगलंच.

१२ मे

कुलूपबाईंची बदली झाली. त्यांनीच मागितली होती. निरोपाला म्हणाल्या, सर, तुम्ही एकदा तरी तिकडे जाऊन या. मी म्हणालो, रविवारी विचार आहेच. त्यांच्या जागी कुणी नेमलं नाही. रिपोर्ट येत नाहीत. रिपोर्ट नाही म्हणजे कारखाना चालू धरायचा, हा सर्वसाधारण नियम.

२ जून

सहा टक्के वर. विभागाच्या इतिहासात नाही. संचालकबाईंनी सर्वांना चहा दिला. एका वार्ताहरानं विचारलं, एवढी वाढ होण्याचं कारण काय? बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, उद्योजकांचा आत्मविश्वास. सगळ्यांनी लिहून घेतलं.

कारण मला ठाऊक आहे. निरीक्षक गेल्यानं कुलपं थांबली.

वयस्कर सहकारी चहा न घेताच टेबलावर जाऊन बसला होता. विचारलं तर म्हणाला, सर, मोजल्यावर लक्षात आलं, बल्बच्या धंद्यातला शेवटचा बोलका कारखाना गेल्या तिमाहीपासून बोलत नाही. आता आतमध्ये सगळे एकमेकांकडून ऐकताहेत. मी विचारलं, ऐकताहेत ना? मग झालं.

हे लिहिताना हसू आलं होतं. आता परत वाचलं तर तितकं येत नाही.

५ जून

चालायला गेलो. पहिल्यांदाच. कोपऱ्यावर बुटाचा तळ निघाला. दुकानदाराकडे घेऊन गेलो. तो म्हणाला, या कंपनीचं आता काही येत नाही साहेब, कधीच बंद पडली, हा जुना स्टॉक होता. मी त्याला सांगितलं की बुटांचं उत्पादन वर आहे, मागणी इतकी आहे की तुझ्यापर्यंत माल पोचत नसेल. त्यानं मला चिकटवायचा डिंक दिला. पैसे घेतले नाहीत.

१९ जून

सकाळी अकराच्या सुमारास हिचा ऑफिसात फोन. हिचा आवाज मी आधी ओळखला नाही. मशीनचं ते गिऱ्हाईक आज पुन्हा आलं होतं. चालवून दाखव, मग बघतो, म्हणालं. मशीन चालवणारा माणूस गेल्याच महिन्यात दुसऱ्या गावी निघून गेला. उरलेलेही एकेक करून गेले होते. मग मेहुण्यानं स्वतःच चालू केलं. पुठ्ठ्याला घड्या पाडणाऱ्या रोलरमध्ये हात गेला. उजवा. बंद करायचं बटण दुसऱ्या टोकाला असतं, तिथे नेहमी एक जण उभा असायचा. गिऱ्हाइकाला बटण माहीत नव्हतं.

हिनं विचारलं, येताय ना? हो म्हणालो. मासिक आकड्याची मीटिंग होती, ती आटोपून गेलो. मीटिंगमध्ये काय ठरलं ते आठवत नाही.

१९ जून, संध्याकाळ

हॉस्पिटल. दोन बोटं गेली, तिसऱ्याचं नक्की नाही. गुंगीत होता. मला बघून उठायला लागला. म्हणाला, भाऊजी, तुम्हाला उगाच त्रास. मी म्हणालो, पडून राहा. मग त्यानं विचारलं, खोकी वर आहेत ना अजून?

ही पलंगाच्या पलीकडे उभी होती. बघत होती माझ्याकडे, मी काय म्हणतो ते.

मी म्हणालो, आता विश्रांती घे.

कॉरिडॉरमध्ये हिनं सांगितलं, त्याला घरी सोडल्यावर मी त्याच्याकडे राहणार. जेवण कोण भरवणार त्याला? मी विचारलं, किती दिवस? ही म्हणाली, माहीत नाही. अंदाजे सांग, म्हणालो. तेव्हा हिनं मान वर करून बघितलं. असं बघणं लग्नानंतर इतक्या वर्षांत मी बघितलं नव्हतं. मग हिनं नर्सला पाणी कुठे मिळेल ते विचारलं.

२३ जून

कारखान्यातल्या अपघातांची मोजदाद माझ्या विभागाकडे नसते. ती दुसऱ्या मजल्यावर.

४ जुलै

घर मोठं वाटतं. दूधवाल्याला अर्धं सांगायला हवं होतं, राहून गेलं.

१४ जुलै

गडबड. वीजपुरवठ्याच्या ऑफिसनं वसाहतीतल्या वीजवापराचा तक्ता पाठवला, कुणी मागितला नसताना. वापर निम्म्याहून खाली आलाय. संचालकबाईंनी बोलावलं. फ्रेम केलेला ग्राफ भिंतीवर होता, तक्ता टेबलावर. माझं उत्पादन वर आणि त्यांची वीज खाली, हे कसं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बचत. उद्योगांनी वीज वाचवायला सुरुवात केली आहे. बाई म्हणाल्या, लेखी द्या.

१५ जुलै

लेखी द्यायला बसलो. 'कमी विजेत अधिक उत्पादन: एक स्वागतार्ह कल' असं शीर्षक छान झालंय. खाली काय लिहावं ते सुचत नाही. साबण कारखाना जास्त साबण काढतोय आणि दिवा लावत नाही. अंधारात काढत असेल.

दुपारी भरणीतल्या बल्ब कारखान्यांची सगळी यादी उघडून एकेकाचा मूळ आकडा कुठून आला ते मागे मागे शोधत गेलो. हा त्याच्यावरून, तो तिसऱ्यावरून, तिसरा पुन्हा या पहिल्यावरून. मध्ये कुठेच माणूस भेटला नाही. अशा घरात शिरल्यासारखं वाटलं, जिथे प्रत्येक खोलीत आवाज येतो आणि दार उघडलं की कुणी नसतं, आवाज पुढच्या खोलीतून येत असतो.

कॉम्प्युटर बंद केला. डोळ्यांवर ताण येतो. चष्म्याचा नंबर बघून घ्यायचा.

२८ जुलै

फेरमोजणीचा हुकूम. प्रत्येक कारखान्याच्या दारात माणूस जाऊन उभा राहणार. निरीक्षक पुरे नाहीत, म्हणून ऑफिसातल्या सर्वांनी फिरायचं, प्रमुखांनीसुद्धा. संचालकबाई रजेवर गेल्या. त्यांच्या भिंतीवर ग्राफ नाही, नुसता खिळा आहे.

मला वसाहत दिली आहे. चांगलंच झालं. बरीच कुलपं तात्पुरती निघतील असा माझा अंदाज आहे. जाणकार माणसाच्या डोळ्यांना फरक कळतो.

८ ऑगस्ट

बस मोठ्या रस्त्यापर्यंतच गेली. तिथून चालत.

साबण कारखाना: पाटी काढून नेलेली, भिंतीवर पाटीच्या आकाराचा फिकट चौकोन. बंद. बूट: शेडचे पत्रे नेलेत, आत ऊन पडलंय. बंद. बल्ब: आवारात कुत्री. मला बघून भुंकली नाहीत, नुसती बघत राहिली. त्यांना सवय नसावी माणसाची, किंवा भीती उरली नसावी. बंद. या तिघांनी मिळून गेल्या महिन्यात सात टक्के वाढ दिली होती.

तात्पुरत्या कुलपाचा अंदाज घ्यायला एक कुलूप हातात घेऊन बघितलं. बोटांना गंज लागला.

९ ऑगस्ट

काल मुद्दाम वाट वाकडी करून मेहुण्याची शेड आजवर ढकलली होती. आज तिथूनच सुरुवात करावी लागली.

दार उघडं होतं. मोठं मशीन गेलंय, जमिनीत त्याचे बोल्ट राहिलेत. मेहुणा डाव्या हातानं पुठ्ठ्यांचे गठ्ठे सुतळीनं बांधत होता. एक टोक दातात धरत होता. ही दुसरं टोक ओढत होती. साडीला धूळ. हिचे केस या दीड महिन्यात कानांजवळ पांढरे झालेत. की आधीच होते?

मेहुणा म्हणाला, या भाऊजी, बसा. बसायला काही नव्हतं. मी म्हणालो, सरकारी कामानं आलोय. तो हसला, म्हणाला, ताई सांगेल, मला लिहायला जमत नाही अजून. आणि गठ्ठा उचलून मागच्या बाजूला गेला. मला वाटतं मुद्दाम गेला.

मी फॉर्म काढला. बायकोला प्रश्न विचारायचे म्हणजे विचित्र वाटतं, पण नियम असा आहे की जागेवर हजर असलेल्या जबाबदार व्यक्तीला विचारावं. कारखाना चालू की बंद? ही म्हणाली, बंद. कधीपासून? ही म्हणाली, जानेवारीतच झाला असता. नीट, सगळ्यांचं मिटवून. एकानं थांब म्हणून सांगितलं, म्हणून जूनपर्यंत धरून ठेवला होता.

मी लिहिलं: जून. कारण: मी थांबलो. कारणाच्या रकान्यात पर्याय दिलेले असतात, मागणी नाही, कच्चा माल नाही, इतर. ही वाट बघत होती. मी 'इतर'वर खूण केली.

हिनं फॉर्म माझ्या हातातून घेऊन एकदा वाचला आणि खाली सही केली. अक्षर तिच्या भावासारखंच, उजवीकडे झुकलेलं. हे मला माहीत नव्हतं.

मी विचारलं, घरी कधी येणार?

हिनं विचारलं, हा प्रश्न फॉर्मात आहे का?

नाही, म्हणालो.

ती आत गेली. सुतळीचं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. मी थोडा वेळ उभा राहिलो, मग पुढच्या गेटकडे गेलो.